बाबांचा एक प्रश्न आणि पॅटरसनचा लॅरी डोबी

नदीकाठ (धागाकर्ता)

आईबाबा सध्या इकडे आहेत. न्यू जर्सीत पाहुण्यांना दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या असतात, त्या पहिल्या पंधरा दिवसांत उरकल्या. तिसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, "आता इमारती पुरे. कुठं पाणीबिणी हाय का तुमच्याकडं?" म्हणून त्यांना पॅटरसनचा धबधबा दाखवायला नेलं.

आमच्या घरापासून वीसेक मिनिटं. पण पॅटरसनचं नाव काढलं की आपली मंडळी "तिकडे कशाला?" असा चेहरा करतात. नऊ वर्षांत मीही दोनदाच गेलो होतो, त्यातलं एकदा रस्ता चुकून. पसेइक नदी भर गावात ७७ फूट खाली कोसळते. या पाण्याच्या जोरावर कारखान्यांचं गाव वसवायची कल्पना अलेक्झांडर हॅमिल्टनची, १७९१ ची. पुढे इथे इतकं रेशीम विणलं जायचं की गावाला 'सिल्क सिटी' म्हणू लागले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना पाण्यापेक्षा पाण्यानं काय फिरवलं यात रस. "म्हणजे इचलकरंजी," म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

धबधब्याच्या वरच्या अंगाला फिकट रंगाची काँक्रीटची लांबच लांब भिंत दिसली. लाल कौलांच्या तिकीटखिडक्या, भिंतीत बसवलेली खेळाडूंची शिल्पं. हे हिंचलिफ स्टेडियम. फाटक बंद होतं. बाबांनी दोन गजांमधून आत पाहिलं. आत नवंकोरं हिरवं मैदान, घोड्याच्या नालासारख्या पायऱ्या, आणि माणूस एकही नाही. गावाकडे टेनिसबॉलच्या स्पर्धांत बाबा वीस वर्षं स्कोअरर होते. रिकामं मैदान दिसलं की त्यांचा पाय निघत नाही. तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक आजोबा आमच्याकडे बघून थांबले आणि आपणहून म्हणाले, इथे लॅरी डोबी खेळायचा, आमच्या गावचा.

डोबी कोण, हे मलाही धड माहीत नव्हतं. जॅकी रॉबिन्सन माहीत होता. लेकीच्या शाळेत दर एप्रिलला त्याच्यावर काहीतरी असतं. गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये शिरलेला आधुनिक काळातला पहिला काळा खेळाडू तो, १५ एप्रिल १९४७ ला. दुसरा कोण, हे विचारतो कोण? तर दुसरा हा आमचा शेजारी.

घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. डोबी पोरवयात पॅटरसनला आला. ईस्टसाइड हायस्कुलात बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल आणि धावणं, चारही खेळांत शाळेचा. शाळेचा फुटबॉल याच हिंचलिफवर खेळला. १९४२ मध्ये नेवार्क ईगल्स या कृष्णवर्णीयांच्या संघाने त्याची चाचणी घेतली, तीही इथेच. कॉलेजची शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून पहिला मोसम तो 'लॅरी वॉकर' या खोट्या नावाने खेळला. (बाबा : "आमच्याकडं बी दुसऱ्या तालुक्याची पोरं नाव बदलून खेळायची की.") मग युद्ध आलं आणि तो नौदलात गेला. रॉबिन्सनला ब्रुकलिन डॉजर्स या गोऱ्यांच्या संघाने घेतलं ही बातमी त्याने पॅसिफिकमधल्या उलिथी बेटावर रेडिओवर ऐकली. परत आल्यावर १९४६ ला ईगल्सबरोबर निग्रो वर्ल्ड सिरीज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लीगची अंतिम मालिका, जिंकला. ४ जुलै १९४७ ला तो नेवार्कसाठी शेवटचा सामना खेळला आणि ५ जुलैला शिकागोत क्लीव्हलंड इंडियन्सच्या गणवेशात मैदानात उतरला. रॉबिन्सनला आधी एक वर्ष माँट्रिअलच्या दुय्यम संघात मुरू दिलं होतं. डोबीला एका रात्रीचीही उसंत मिळाली नाही. मोठ्या बेसबॉलच्या लीग दोन, रॉबिन्सनची नॅशनल आणि ही अमेरिकन. अमेरिकन लीगमधला तो पहिला काळा खेळाडू.

आता स्टेडियमची कथा. बांधलं १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन भरात. न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज या कृष्णवर्णीयांच्या संघाचं ते बरीच वर्षं घरचं मैदान. जॉश गिब्सन, सॅचेल पेज अशी माणसं इथे खेळून गेली, ज्यांना रस्त्यापलीकडच्या 'मोठ्या' लीगची दारं बंद होती. १९९७ ला टाळं लागलं. मग पायऱ्यांतून झाडं उगवली, भिंतींवर रंगाचे फवारे पडले, पाडून टाका म्हणणारेही निघाले. गावातल्या चार लोकांनी लावून धरलं. २०१३ ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि मे २०२३ मध्ये मैदान पुन्हा उघडलं. आता शेजारी छोटं संग्रहालयही आहे. ईस्टसाइड पार्कातल्या मैदानाला डोबीचं नाव आहे, तिथे त्याचा पुतळाही आहे. तो गेला २००३ मध्ये.

हे सगळं दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "हे समदं मेल्यावर ना? जिता होता तवा गावानं काय दिलं त्याला?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणी या विषयातलं असेल तर लिहा.

डावखुरा

छान लिहिलंय. पण बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तो मैदानात उतरला म्हणजे नक्की काय केलं? क्रिकेटच्या भाषेत सांगा राव.

नदीकाठ

पहिल्या दिवशी पिंच हिटर म्हणून आला. म्हणजे एखाद्या बोलरची बॅटिंगची पाळी आली की त्याच्या जागी दुसऱ्यालाच बॅट देऊन पाठवायचं. ज्याला काढलं तो त्या सामन्यापुरता संपला. सातव्या डावात त्याला पाठवलं आणि तो स्ट्राइकआउट झाला. आपल्या भाषेत शून्यावर क्लीन बोल्ड.

टणत्कार

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका, यातला सगळ्यात सुंदर किस्सा तुम्ही गाळलात. डोबी पहिल्यांदा बाद होऊन मान खाली घालून डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, येऊन बसला. त्याच्यानंतर जो गॉर्डन खेळायला गेला, तो संघातला मोठा फलंदाज. त्याने मुद्दाम तीनही चेंडू हवेत बॅट फिरवून सोडले, बाद होऊन परत आला आणि डोबीशेजारी तस्संच डोकं धरून बसला. पोराला एकटं वाटू नये म्हणून. वाचताना डोळ्यांत पाणी येतं.

मूकवाचक

आईगं. किती गोड.

ओहायोकर

टणत्कार, तुमचा विरस करतोय, माफ करा. किस्सा गोड आहे, पण घडलेला नाही. डोबी पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा गॉर्डन तिसऱ्या बेसवर उभा होता. जो आधीच पळायला उभा आहे तो पुढच्या नंबरवर बाद कसा होणार? ही गोष्ट संघमालक बिल व्हीकची लाडकी, आणि व्हीक हा बोलून चालून गोष्टी रंगवणारा.

गॉर्डनने केलं ते याहून साधं आहे आणि ते खरं आहे. त्या दिवशी कर्णधार-मॅनेजर लू बूड्रोने डोबीला लॉकररूममध्ये एकेकाकडे नेऊन ओळख करून दिली. काहींनी हात पुढे केला, काहींनी नाही केला. मग सगळे मैदानात सरावाला गेले. सराव जोडीजोडीने करतात, आणि डोबी एकटाच उभा. कुणी चेंडू टाकेना. तेव्हा गॉर्डन म्हणाला, ये, आपण टाकू. एवढंच. दुसऱ्या सामन्यात डोबीला पहिल्या बेसवर उभं करायचं ठरलं, तर त्या जागेला लागणारा वेगळा ग्लोव्ह त्याच्याकडे नव्हता. तोही दुसऱ्याचा मागून आणावा लागला.

मी क्लीव्हलंडजवळ राहतो, अठरा वर्षं झाली. इथे डोबी देव नाही, पण घरचा आहे. त्याच्या गणवेशाचा १४ नंबर १९९४ पासून कुणालाही देत नाहीत. स्टेडियमबाहेर पुतळा आहे, शेजारच्या रस्त्याला नाव आहे. २००७ मध्ये एका सामन्याला संघातल्या सगळ्यांनी १४ नंबर घातला होता. स्कोअरबोर्ड लिहिणाऱ्याचं काय झालं असेल देव जाणे.

आता नदीकाठ यांच्या वडिलांच्या प्रश्नाबद्दल. १९४७ ची सुरुवात वाईट गेली, बॅटिंगची सरासरी .१५६ (म्हणजे हजारात १५६ वेळाच फटका यशस्वी). पुढच्या वर्षी त्याला सेंटर फील्डला आणलं आणि त्याने .३०१ काढली. १९४८ ची वर्ल्ड सिरीज (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) बोस्टन ब्रेव्हजविरुद्ध होती. ९ ऑक्टोबरला क्लीव्हलंडमध्ये चौथा सामना, ८१,००० वर माणूस. तिसऱ्या डावात डोबीने ब्रेव्हजच्या जॉनी सेनला होमरन (आपला षटकार समजा) मारली. सामना २-१ ने जिंकला, म्हणजे ती धाव निर्णायक. नंतर लॉकररूममध्ये विजयी पिचर (आपला बोलर) स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी एकमेकांना मिठी मारून, गालाला गाल लावून हसताहेत असा फोटो निघाला आणि देशभर छापून आला. गोरा आणि काळा असे बिलगलेले त्या काळी कुणी पेपरात पाहिले नव्हते. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज क्लीव्हलंडने जिंकली.

आणि मग वर्ल्ड सिरीजचा हा मानकरी घरी आला, पॅटरसनला. त्याने आणि बायकोने, हेलिनने, घर घ्यायचं ठरवलं. वस्ती गोऱ्यांची होती. तिथल्या घरमालकांनी याला इथे घर देऊ नका म्हणून सह्यांचा अर्ज काढला. शेवटी महापौर मध्ये पडले तेव्हा घर मिळालं.

तुमच्या वडिलांना सांगा, जिता होता तेव्हा गावाने हे दिलं.

नदीकाठ

हे मला त्या रात्री कुठेच दिसलं नाही. बहुधा मी स्टेडियमच्या मागे लागलो होतो म्हणून. धन्यवाद, ओहायोकर. बाबांना आज सांगणार नाही. ते आत्ता मोनोपॉलीत नातीकडून हरलेत.

शेंगदाणेकूट

एक तांत्रिक हरकत. डोबीचं गाव पॅटरसन कसं? त्याचा जन्म साउथ कॅरोलायनातल्या कॅमडेनचा. वडील घोड्यांची देखभाल करायचे, बेसबॉलही चांगला खेळायचे. डोबी लहान असतानाच ते पाण्यात बुडून वारले. आई कामासाठी उत्तरेला पॅटरसनला, पोरगा आजीकडे आणि आत्यांकडे कॅमडेनला. चौदाव्या वर्षी तो आईकडे गेला. म्हणजे मूळगाव कॅमडेन.

आणि कॅमडेननेही त्याला विसरलं नाही. तिथे एक ब्राँझचं शिल्प आहे : कॅमडेनचेच बर्नार्ड बरूक, अध्यक्षांचे सल्लागार, प्रचंड श्रीमंत आणि ज्यू, आणि लॅरी डोबी, हस्तांदोलन करताना. नाव 'रीकन्सिलिएशन'. आता बोला.

डावखुरा

मूळगावाचा वाद मराठी माणसाशी घालू नये. माझं मूळगाव राजापूर तालुक्यात. मी तिथे आयुष्यात सहा वेळा गेलोय आणि दर वेळी पोट बिघडलंय. पण कुणी विचारलं की छाती काढून राजापूरच सांगतो. वाढलो डोंबिवलीत. ती बिचारी कुठेच नाही.

शेंगदाणेकूट

डोंबिवलीत पुतळा उभारू तुमचा. फलाट क्रमांक ५ वर.

कऱ्हाडी

हे वाचताना खाशाबा जाधव आठवणारच. आमच्या कराडजवळ गोळेश्वर हे त्यांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. ब्राँझ पदक घेऊन परत आले तेव्हा स्टेशनपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आजोबा त्यात होते म्हणतात. (कराड परिसरातले सगळेच आजोबा त्यात होते म्हणतात.) पुढे पोलिसात नोकरी, १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यावर सोळा-सतरा वर्षांनी.

म्हणजे आमच्याकडे गावाने जितेपणी दिलं आणि सरकार झोपलं. पॅटरसनचं उलटं दिसतंय. गावानेच आधी अर्ज काढला.

टणत्कार

कऱ्हाडी, खाशाबांबद्दल आदर आहेच, पण तुलना जुळत नाही. खाशाबांना कुणी घर नाकारलं नव्हतं. जुळवायचंच असेल तर पालवणकर बाळू घ्या. चर्मकार समाजातला डावखुरा स्पिनर. पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकून टाकून तयार झाला. हिंदू क्लबने संघात घेतला, कारण इंग्रजांना हरवायचं होतं, पण चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर उभं राहून मातीच्या कुल्हडात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. हा आपला डोबी. रॉबिन्सनच्या कितीतरी आधीचा. आता सांगा, पुण्यात त्याच्या नावाचं काय आहे जे तुम्ही येताजाता बघता?

कऱ्हाडी

मान्य. निरुत्तर.

परखड

मराठी संस्थळावर अमेरिकेच्या बेसबॉलची कौतुकं कशाला, हा प्रश्न गिळतो. दुसरा विचारतो. हे स्टेडियम नीट करायला १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला म्हणतात. पॅटरसन गरीब गाव. शाळांचा कारभार १९९१ मध्ये राज्याने हातात घेतला होता, इतकी वाईट अवस्था. अशा गावात एवढे पैसे दगडमातीत? मेलेल्या खेळाडूच्या नावाने ठेकेदार जगतात, हे आपल्याकडेही आहे आणि तिकडेही.

नदीकाठ

परखड, प्रश्न रास्त आहे. पण पूर्ण चित्र असं की त्या पैशांत फक्त पायऱ्या रंगवल्या नाहीत. त्याच प्रकल्पात ज्येष्ठांसाठी ७५ घरं आणि एक मोठं पार्किंग गॅरेज आहे. आणि स्टेडियम कुणा संघमालकाचं नाही, गावच्या शाळांचं आहे. १९३२ मध्येही ते सरकारी शाळकरी पोरांसाठीच होतं, ब्लॅक यांकीज भाड्याने यायचे. हे मोडून ठेवलं असतं तर पोरांकडेच मैदान नसतं. ठेकेदाराबद्दल तुम्ही म्हणता ते नाकारत नाही.

मूकवाचक

नेहमी वाचनमात्र असते, पण आज लिहिते. मी पॅटरसनमध्ये नर्स आहे, बारा वर्षं झाली. वयस्क पेशंट भरपूर. त्यांच्याशी हिंचलिफचा विषय काढायचा अवकाश, रक्तदाब मोजायचं राहून जातं. आणि गंमत सांगू? डोबी त्यात येतो, पण पहिला येत नाही. आधी येतात मोटारींच्या शर्यती, मग थँक्सगिव्हिंगचा सामना : ईस्टसाइड विरुद्ध गावातली दुसरी शाळा. सकाळी सामना, दुपारी टर्की. जो हरेल त्याच्या घरी टर्की कोरडी, असं एक आजी म्हणायच्या. मग लू कॉस्टेलो, विनोदी नट, तोही पॅटरसनचाच, त्याचे कार्यक्रम. आणि मग कुणीतरी म्हणतं, लॅरीला मी शाळेत असताना पळताना पाहिलं होतं.

सत्तावीस वर्षांच्या आसपास ते बंद होतं. म्हणजे आज चाळिशीला आलेल्या पॅटरसनकराने आपलं मैदान फक्त कुंपणातून पाहिलेलं. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी २०१४ ला तिथे भिंती रंगवायला गेली होती. शेकडो लोक आले होते, रोलर घेऊन. तिच्या घरी अजून त्या दिवसाचा टीशर्ट आहे, पिवळट रंगाचे ठिपके पडलेला. ती तो धूत नाही. म्हणजे धुते, पण डाग काढत नाही.

परखड, हे दगडमातीचं नाहीये.

शेंगदाणेकूट

१९९७ ते २०२३ म्हणजे २६. (सवय हो, वाईट.) बाकी प्रतिसाद फार आवडला, ताई. लिहीत जा.

मूकवाचक

२६. बरोबर. नाइट शिफ्ट करून आलेय, माफी असावी. :)

आजीऑनलाइन

मला खेळातलं कळत नाही, पण एक विचारते. त्या मुलाला क्लीव्हलंडने विकत घेतला म्हणता, तर त्याच्या जुन्या संघाला पैसे मिळाले का? की फुकटात नेला?

ओहायोकर

आजी, फार चांगला प्रश्न. रॉबिन्सनच्या वेळी डॉजर्सनी त्याच्या जुन्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सना, छदामही दिला नाही. डोबीच्या वेळी नेवार्क ईगल्सचा कारभार एफा मॅन्ली या बाईंकडे होता. व्हीकने १०,००० डॉलर देऊ केले आणि पोरगा टिकला तर आणखी ५,०००. बाईंनी घेतले, पण ऐकवलं, हा गोरा असता तर तुम्ही लाख मोजले असते. पुढे हे पायंडा म्हणून धरलं जाऊ लागलं. २००६ मध्ये या बाई बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, गेल्या. आजतागायत तिथे निवडलेली ती एकटीच स्त्री.

यातली दुसरी बाजू मात्र कडू. एकेक चांगला खेळाडू मोठ्या लीगमध्ये गेला आणि कृष्णवर्णीयांचे संघ ओस पडले. ईगल्सही नेवार्कमध्ये राहिले नाहीत. म्हणजे हिंचलिफसारख्या मैदानांचं जे वैभव होतं, ते डोबीच्या जाण्यानेच ओसरायला लागलं. त्याचा काही इलाज नव्हता. दार उघडायला नको होतं असं कोण म्हणेल?

आजीऑनलाइन

बाई भारी होती. लेकीचं लग्न ठरवताना आमच्या सासूबाई अशाच बोलायच्या. बाकी तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

टणत्कार

अजून एक. डोबी सात वेळा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघात), १९५२ आणि १९५४ ला लीगमध्ये सर्वाधिक होमरन, दोन्ही वेळा ३२. १९६२ ला जपानात, नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला. १९७८ ला शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर झाला, मोठ्या लीगमधला दुसरा कृष्णवर्णीय मॅनेजर. इथेही दुसरा! रॉबिन्सनला हॉल ऑफ फेम १९६२ मध्ये, डोबीला १९९८ मध्ये. छत्तीस वर्षं! अमेरिकन काँग्रेसचं (तिथल्या संसदेचं) सुवर्णपदक वॉशिंग्टनला त्याच्या शंभराव्या वाढदिवशी, १३ डिसेंबर २०२३ ला दिलं. मुलाने घेतलं.

डावखुरा

'दुसरा' या विषयावर द्रविडचे चाहते भावनिक होतील, तिकडे नको जाऊया.

परखड

माझा प्रश्न अजून उभा आहे. अर्ज काढणाऱ्यांची नातवंडं आज पुतळ्याला हार घालत असतील. त्या संग्रहालयात त्या सह्यांचा कागद लावलाय का? लावला असेल तर मी माझे शब्द मागे घेतो.

ओहायोकर

परखड, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. फक्त एक सांगतो. त्या वेळच्या पॅटरसनला एकजिनसी धरू नका. सह्या करणारेही तिथलेच आणि मध्ये पडलेले महापौरही तिथलेच. १९४८ च्याच वसंतात टूसॉनला सरावशिबिरात संघाच्या हॉटेलने त्याला खोली दिली नाही. तिथल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाने घरी ठेवून घेतलं. देशभर हेच चालू होतं. पण टूसॉन परकं होतं. आपल्या गल्लीने केलेलं जास्त लागतं. आणि तरी हा माणूस न्यू जर्सी सोडून गेला नाही. शेवटपर्यंत जवळच माँटक्लेअरला राहिला, न्यूयॉर्क यांकीजचा नामवंत खेळाडू योगी बेरा त्याचा गाववाला आणि दोस्त. बेराच्या नावाच्या संग्रहालयात डोबीच्या नावाचं दालन आहे.

नदीकाठ

अद्ययावत माहिती, बाबा परवा निघायच्या आत.

काल संध्याकाळी हिंचलिफला न्यू जर्सी जॅकल्सचा सामना बघितला. छोट्या लीगचा व्यावसायिक संघ आहे, घरचं मैदान हेच. निम्म्या पायऱ्या रिकाम्या. पुढच्या रांगेत एक पेरूचं कुटुंब (देश, फळ नव्हे), मागे अरबी बोलणारी चार पोरं, आणि आम्ही पाच जण डब्यात घेतलेल्या दशम्यांसकट. दशम्या बॅगतपासणीत अडकतील ही आईची भीती खोटी ठरली. आईने तपासणाऱ्यालाच एक दशमी विचारली. त्याने हसून नको म्हटलं आणि तिला वाईट वाटलं.

पिचर चेंडू टाकायला वळला की त्याच्या मागे भिंतीपलीकडून धबधब्याचा धूसर आवाज येतो. टाळ्या थांबल्या की ऐकू येतो, पुन्हा बुडतो.

बाबांनी खिशातून किराण्याचं बिल काढून त्याच्या पाठीवर स्कोअर लिहायला घेतला. त्यांच्या पद्धतीने : प्रत्येक चेंडूला टिंब, चुकला तर फुली, धाव आली की उभी रेघ. 'बॉल'ला (टप्प्याबाहेर टाकलेल्या चेंडूला) 'वाइड' लिहिलं, फाउलला काय लिहायचं यावर नातीशी वाद झाला, शेवटी 'फा' ठरलं. तिसऱ्या डावात बिल संपलं, मग नॅपकिन. तेव्हा मी त्यांना घराचा आणि सह्यांच्या अर्जाचा किस्सा सांगितला. लिहिता लिहिता ऐकत होते. मान वर केली नाही. दोन बाद झाले, पोरं बदलली. मग म्हणाले, "मग घेतलं का त्यानं ते घर?"

म्हटलं, घेतलं.

"ऱ्हायला?"

म्हटलं, राहिला.

"मग झालं तर." आणि नॅपकिनवर पुढचं टिंब दिलं.

आईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही, अर्ज नामंजूर.

मूकवाचक

काका __/\__

परखड

वडिलांना नमस्कार सांगा. तो नॅपकिन जपून ठेवा.

नदीकाठ

नॅपकिन त्यांनी आधीच पासपोर्टाच्या कव्हरात घातलाय. इमिग्रेशनवाला उघडून बघेल तेव्हा काय समजावतात ते बघायला मी तिथे असायला हवा होतो.

डावखुरा

पार्किंगला किती घेतात? पुढच्या महिन्यात सासूसासरे येताहेत.